चमचा ग्लासातच राहू द्यावा

न्यूयॉर्कचा बारमन जॉर्ज कॅपलर यानं १८९५ साली 'मॉडर्न अमेरिकन ड्रिंक्स' नावाचं पुस्तक काढलं. त्यात 'ओल्ड फॅशन्ड व्हिस्की कॉकटेल'ची कृती जेमतेम चार ओळींची आहे. व्हिस्कीच्या ग्लासात साखरेचा लहान खडा थोड्या पाण्यात विरघळवायचा. अँगोस्टुरा बिटर्सचे दोन डॅश घालायचे. मग बर्फाचा एक छोटा तुकडा, लिंबाच्या सालीचा एक तुकडा आणि एक जिगर (बारमधलं माप) व्हिस्की. छोट्या चमच्यानं ढवळायचं, पुढे ठेवायचं आणि चमचा ग्लासातच राहू द्यायचा.

बस्स, एवढंच. हलवा, गाळा, सजवा असला थाट नाही. पण शेवटच्या त्या अर्ध्या ओळीपाशी मी दरवेळी अडखळतो. एखाद्या पाककृतीत पदार्थ पानात वाढला की करणाऱ्याचं काम संपतं. इथे बारमन आपलं हत्यारच गिऱ्हाइकाच्या हाती देऊन बाजूला होतो. तळाशी साखरेचे कण उरलेले असणार, बर्फ वितळायचा असणार, सालीचं तेल अजून सुटत असणार. उरलेलं काम पिणाऱ्यानं करायचं आणि ते करता करता प्यायचं. ओल्ड फॅशन्ड हे ग्लासात बदलत जाण्यासाठीच बांधलेलं पेय आहे. मी ते असं वाचतो, आणि त्याच्या नव्या अवतारांनाही हीच फूटपट्टी लावतो.

रचनेचा सांगाडा कॅपलरहून पुष्कळ जुना. मे १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या वृत्तपत्राला एका वाचकानं विचारलं, की हे कॉकटेल म्हणजे काय असतं? संपादकानं उत्तर छापलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. वर एक राजकीय चिमटाही काढला. निवडणुकीच्या उमेदवाराला हे पेय फार उपयोगी, कारण ज्यानं याचा एक ग्लास गिळला, तो पुढे काहीही गिळायला तयार होतो! दोनशे वर्षं उलटली, तरी व्याख्या आणि चिमटा दोन्ही शिळे झालेले नाहीत.

मधल्या काळात बारमनांचे हात शिवशिवले. माराशिनो, क्युरासाव, अ‍ॅब्सिंथ, एकेक थेंब करत मूळ कॉकटेल नटू लागलं. जेरी थॉमस हा त्या पिढीचा गुरू. पेयांच्या कृतींचं त्याचं १८६२चं पुस्तक आजही बारच्या फडताळात सापडतं. या नटव्या कॉकटेलांना कंटाळलेली गिऱ्हाइकं "जुन्या पद्धतीचं द्या" म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. केंटकीतल्या लुइव्हिल शहरात सांगतात, की हे पेय तिथल्या पेंडेनिस क्लबात जन्मलं. क्लब निघाला १८८१ साली, आणि 'ओल्ड फॅशन्ड कॉकटेल'चा उल्लेख शिकागोच्या वर्तमानपत्रात १८८० सालीच येऊन गेला आहे. तरी लुइव्हिलकर ऐकत नाहीत. अशी भांडणं आपल्याला मिसळीवरून चांगलीच परिचयाची आहेत.

आता चव. आपल्याकडे सहा रस सांगतात: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. ओल्ड फॅशन्डमध्ये यांतले चार आहेत. साखरेचा गोड, बिटर्सचा कडू, ओकच्या लाकडातून उतरलेला तुरट आणि मद्याचा घशाला जाणवणारा तिखट. आंबट आणि खारट मात्र नाहीत. लिंबाची साल आहे, पण रसाचा थेंब नाही. व्हिस्की सावरमध्ये लिंबूरस येतो आणि पेय लगेच मोकळं, खेळकर होतं. पहिल्या घोटातच सगळं सांगून टाकतं. आंबटपणा तोंडाला पाणी सोडतो, घाई करतो. तो वगळल्यामुळे ओल्ड फॅशन्डला आपोआप विलंबित लय येते. या पेयात काय आहे याच्याइतकंच काय नाही हे महत्त्वाचं. ज्यांना ते 'जड' वाटतं, त्यांना ही आंबटाची अनुपस्थितीच खटकत असते.

साखर आणि पाण्याचा क्रम बघा. कॅपलर आधी साखर पाण्यात विरघळवायला सांगतो, व्हिस्की शेवटी. शुद्ध अल्कोहोलमध्ये साखर जवळपास विरघळतच नाही. व्हिस्कीत निम्म्याहून अधिक पाणी असलं तरी ती रेंगाळते, आणि बर्फ पडल्यावर तर हटून बसते. म्हणून आजचे बारमन खड्याऐवजी पाक वापरतात: दोन भाग डेमेरारा साखर, एक भाग पाणी, वजनानं. घरी करायला हेच सोयीचं. पाकानं शिस्त येते, पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखा गोड लागतो. आणि नेमकं तिथेच काहीतरी हरवतं. खड्याच्या ओल्ड फॅशन्डमध्ये वरचा भाग करडा, खालचा मवाळ; पिणारा हळूहळू गोडाकडे उतरत जातो. पाहुणे असले की मी पाक वापरतो, एकटा असलो की खडा.

बिटर्सबद्दल जरा सावकाश बोलायला हवं, कारण घरी पेय बिघडतं ते बहुधा ते वगळल्यामुळे. "दोन थेंबांनी काय फरक पडतो?" असं म्हणणाऱ्यानं फोडणीशिवायची आमटी खाऊन पाहावी. योहान झीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर सिमोन बोलिव्हारच्या फौजेत शल्यवैद्य होता. व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी त्यानं १८२४ साली सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींवर हा कडू अर्क बनवला. गावाचं नाव आता सियुदाद बोलिव्हार झालं आहे आणि धंदा त्याच्या मुलांबरोबर त्रिनिदादला गेला. बाटलीला अजूनही तिच्या मापाहून मोठं, गळ्यापर्यंत चढलेलं लेबल असतं. अर्कात ४४.७ टक्के अल्कोहोल आहे, पण अँगोस्टुरा नावाच्या झाडाची साल त्यात नाही. कडूपणा मुख्यतः जेंशियनच्या मुळाचा. तो जिभेवर आला, की व्हिस्कीतला व्हॅनिलासारखा गोडवा आणि लाकडाचा तुरटपणा वेगवेगळे उमटतात. नाहीतर दोन्ही एकमेकांत कालवून बसतात.

आपल्याकडे ही बाटली मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळते, आणि तिच्या आकारमानाला न शोभणाऱ्या किमतीला. पण आपल्या आज्यांनी तापात पाजलेलं काडेचिराईत याच जेंशियनच्या कुळातलं आहे. साधारण शंभर मिलिलिटर पांढऱ्या रममध्ये चिमूटभर चिराईत, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाएवढा तुकडा आणि संत्र्याची वाळवलेली साल टाकून ठेवायची. चिराईत एका दिवसात काढून घ्यायचं, नाहीतर ते सगळ्यांवर कुरघोडी करतं. बाकीचं आठवडाभर राहू द्यायचं. हा अँगोस्टुराचा पर्याय नाही. रंग फिका येतो, मसाल्याची खोलीही तेवढी नाही. पण कडूची जागा तो प्रामाणिकपणे भरून काढतो.

व्हिस्की कुठली? पेय अमेरिकेचं, तेव्हा बर्बन किंवा राय. बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. जळलेल्या लाकडातून व्हॅनिला आणि कॅरॅमलची चव येते, म्हणून बर्बनला साखर कमी लागते. राय अधिक झणझणीत, तिला साखर थोडी जास्त मानवते. धुरकट स्कॉच या घाटात घुसमटते, असं माझं मत आहे. तिला एकटं सोडावं. पिंप नवंच हवं या अटीमुळे बर्बनवाल्यांची रिकामी पिंपं जगभर विकली जातात. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणारी पॉल जॉन सिंगल मॉल्ट अशाच पिंपांत मुरते. गोव्याच्या उन्हात पिंपातली व्हिस्की स्कॉटलंडच्या कितीतरी पट वेगानं उडून जाते, पण लाकडाची चवही लवकर घेते. त्यामुळे तिचं ओल्ड फॅशन्ड बर्बनच्या बरंच जवळ जातं. बर्बनच हवी असेल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आलं आहे; तेवढाच दिलासा. आणि महाराष्ट्रात घरी बाटली ठेवायची तर परवाना लागतो, वय पंचविशीच्या पुढे लागतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

सालीबाबत काळानुसार निवड बदलली. कॅपलरची साल लिंबाची. आज बहुतेक ठिकाणी संत्र्याची येते, कारण तिचा गंध बर्बनच्या गोडव्याशी जुळतो. साल घ्यायची ती रंगाच्या पातळ थरापुरती. खालचा पांढरा थर आला की नको तो कडूपणा येतो. ग्लासावर धरून दुमडली, की तेलाचे बारीक तुषार पृष्ठभागावर पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला दिसतात. आपलं नागपुरी संत्रं इथे थोडं चिडवतं. साल सैल असल्यामुळे सोलायला सोपं आणि तेलही भरपूर, पण लांब सलग पट्टी निघत नाही. मी छोटा चौकोनी तुकडाच पिळतो आणि ग्लासात टाकून देतो.

राहिला बर्फ. मला वाटतं, खरी रचना इथे आहे. बर्फ वितळल्याशिवाय पेय थंड होत नाही आणि थंड होताना पाणी मिसळल्याशिवाय राहत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. शिवाय अल्कोहोलमुळे हे मिश्रण शून्याच्याही खाली काही अंशांपर्यंत उतरतं. म्हणून नीट ढवळलेलं ओल्ड फॅशन्ड बर्फाच्या पाण्याहून थंड लागतं. अर्धा मिनिट ढवळल्यावर पेयात साधारण पाव हिस्सा पाणी मिसळलेलं असतं. तिथे ते पिण्याजोगं होतं, पूर्ण होत नाही. पुढचा अर्धा तास तो बर्फ एकेक घोट नव्यानं घडवत असतो. पहिले दोन घोट घट्ट, तिखट, मद्याचे. मधले घोट सर्वांत मोकळे. पाण्यानं व्हिस्कीतले दडलेले गंध सुटतात, साल आता रुळलेली असते. शेवटचे घोट मवाळ, जवळजवळ सरबतासारखे, पण तळाशी बिटर्सची आठवण असलेले. पाणी हा इथला भेसळीचा घटक नव्हे. १८०६च्या व्याख्येत ते स्वतंत्रपणे मोजलेलं आहे.

त्यामुळे बर्फाचा आकार हा लयीचा प्रश्न होतो. फ्रीजच्या ट्रेमधले छोटे खडे भराभर वितळतात आणि मधला मोकळा टप्पा हातातून निसटतो. एकच मोठा ठोकळा वस्तुमानाच्या मानानं कमी पृष्ठभाग उघडा ठेवतो, म्हणून सावकाश चालतो. काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा असेल, तर थर्माकोलच्या छोट्या डब्यात पाणी भरून, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवावं. पाणी वरून खाली गोठत जातं आणि हवा, क्षार तळाकडे ढकलले जातात. तळ गोठायच्या आत डबा काढून वरचा स्वच्छ ठोकळा दातेरी सुरीनं तोडून घ्यायचा. पारदर्शकपणाचं कौतुक मुख्यतः डोळ्यांचं आहे, हेही कबूल करायला हवं. चवीच्या दृष्टीनं आकार महत्त्वाचा, आणि कालच्या सुरमईचा वास नसलेला फ्रीजर त्याहून महत्त्वाचा.

माझं घरचं माप असं. ६० मिलिलिटर बर्बन, ज्याला आपण लार्ज म्हणतो. त्यात पाऊण चहाचा चमचा पाक आणि बिटर्सचे दोन डॅश. डॅश म्हणजे बाटली एकदा झटकल्यावर पडेल तेवढं. जाड बुडाच्या ग्लासात मोठा ठोकळा, हळू ढवळणं, साल. शेक करायचं नाही, सोड्यानं भरायचं नाही. एवढी मेहनत घेतल्यावर शेजारी झणझणीत चकणा ठेवू नये. भाजलेले बदाम पुरतात.

आता अवतार. २००७ साली न्यूयॉर्कच्या 'डेथ अँड कंपनी' या बारमध्ये फिल वॉर्डनं 'ओअहाका ओल्ड फॅशन्ड' बनवलं. यात व्हिस्की मुळीच नाही. पिंपात थोडी मुरलेली रेपोसाडो टकीला मुख्य, तिच्या एक तृतीयांश मेझकाल, चमचाभर अगावेचा पाक, अँगोस्टुराचे दोन डॅश आणि ज्योतीवर शेकलेली संत्र्याची साल. वाचनाच्या दृष्टीनं यातली खुबी साखरेत आहे. टकीला, मेझकाल आणि पाक, तिन्ही अगावे या एकाच वनस्पतीच्या कुळातले. गोड आणि मद्य एका मुळातून आल्यामुळे पेयाला सांधा उरत नाही. मेझकालचा धूर सुरुवातीला पुढे असतो. बर्फ वितळत गेला की तो मागे सरतो आणि टकीलाची हिरवी, गवताळ चव वर येते. ग्लासात घडण्याच्या कसोटीवर हे पेय मूळ रचनेइतकंच उतरतं.

तोच धागा पकडून आपल्या स्वयंपाकघरात येता येतं. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभ्या असतात. युरोपात त्यांना व्हिस्की म्हणू देत नाहीत. नावं ठेवण्यापेक्षा त्या उसाची साथ घ्यावी. साखरेऐवजी अर्धा चमचा काकवी, चमचाभर पाण्यात पातळ केलेली. ऊस उसाला ओळखतो. काकवीतला किंचित खारट, मातकट सूर त्या व्हिस्कीचा पोकळपणा भरून काढतो, आणि चिराईताचा अर्क इथे अँगोस्टुरापेक्षाही शोभतो. बर्बनमध्ये मात्र काकवी घालू नये, ओकवर चढून बसते.

२००७ सालचाच दुसरा अवतार अधिक गाजला. 'पीडीटी' या न्यूयॉर्कच्या बारमध्ये हॉट डॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमधून शिरावं लागतं. तिथे डॉन लीनं टेनेसीच्या बेंटन्स बेकनची चरबी वितळवून बर्बनमध्ये मिसळली. काही तास मुरू दिली, बाटली फ्रीजरमध्ये ठेवली, आणि गोठलेली चरबी गाळून टाकली. चरबी निघून जाते, तिचा धुरकट, खारवलेला गंध मद्यात राहतो. साखरेच्या जागी मेपल सिरप, बिटर्स नेहमीचे. बेकन आणि मेपल हा अमेरिकी न्याहारीचा थाट त्यानं ग्लासात आणला. ऐकायला गंमत वाटते, पण प्यायल्यावर ती चेष्टा राहत नाही. आपल्याकडे हीच युक्ती साजूक तुपावर लागू पडते. ७५० मिलिलिटर बर्बनला अडीच-तीन मोठे चमचे वितळलेलं तूप, बाकी कृती तीच, शेवटी मलमलीतून गाळणं. तूप घरी कढवलेलं, रवाळ आणि ताजं असावं. डब्यातलं जुनं तूप घेतलं, तर व्हिस्कीला खवट देव्हाऱ्याचा वास येतो. नीट जमलं, की पोत मऊ होतो आणि बेरीचा भाजका गंध सगळ्यात शेवटी, गिळल्यावर येतो.

ग्लासावर लाकडी झाकण ठेवून भुश्याचा धूर कोंडणारं ओल्ड फॅशन्ड हल्ली मुंबई-पुण्याच्या बारमध्येही दिसतं. झाकण उचललं की टेबलावरचे फोन वर होतात. मला त्यात पुनरुक्ती वाटते. व्हिस्की जळक्या पिंपातूनच आलेली आहे. तिला पुन्हा धूर का दाखवायचा? शिवाय तो धूर पहिल्या घोटापुरता असतो. पुढे ग्लासात काही घडवत नाही.

आणि शेवटी विस्कॉन्सिन. या राज्यात ओल्ड फॅशन्ड मागितलं, की व्हिस्की नव्हे, ब्रँडी येते. ग्लासाच्या तळाशी संत्र्याची फोड, चेरी, साखर आणि बिटर्स ठेचलेले असतात आणि वरून सोडा ओतलेला असतो. 'स्वीट' म्हटलं तर गोड, 'सावर' म्हटलं तर आंबट, 'प्रेस' म्हटलं तर साधा सोडा आणि गोड सोडा अर्धा-अर्धा. फळं ठेचण्याची रीत बाकी अमेरिकेतही पसरली होती. १९३६ साली 'ओल्ड टायमर' अशी सही करून कुणीतरी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला त्याविरुद्ध तक्रारीचं पत्र लिहिलं होतं. बाकीच्यांनी पुढे ती सोडली, विस्कॉन्सिननं धरून ठेवली. माझ्या फूटपट्टीवर हे पेय साफ नापास व्हायला हवं: पाणी एकदम सुरुवातीलाच ओतलेलं, बर्फाला काम नाही, सालीची नजाकत फळाच्या लगद्यात बुडालेली. पण शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या सपर क्लबांत तळलेल्या माशांच्या पंक्ती बसतात, तेव्हा प्रत्येकाच्या हातात हेच असतं, आणि तळलेल्या माशाशेजारी ते कॅपलरच्या ओल्ड फॅशन्डपेक्षा चांगलं लागणार याबद्दल मला शंका नाही. 'सावर' मागवलं, तर काडीला टोचलेलं ऑलिव्ह किंवा मुरवलेलं मशरूमही येतं. म्हणजे वगळलेले आंबट आणि खारट दोन्ही परत, आणि सहाच्या सहा रस एका ग्लासात. शुद्धतावाद्यांनी तिथे जेवायला जावं, बारमननं पुढे ठेवलेलं प्यावं आणि मासा संपेपर्यंत मत देऊ नये.